कपाटाचं उड्डाण

नवं कपाट जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकलं आणि आता इथेच राहायचं असं ठरवल्यासारखं उभं राहिलं. हमालांनी ते तिरकं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, शेवटी शिव्या देऊन पाहिलं. कपाट सागवानी होतं. त्याला काही वाटलं नाही.

"बाहेरून घेऊ," कॅप्टन म्हणाले. "गच्चीवर कप्पी लावायची, दोर सोडायचा, थेट चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत उतरवायचं. मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?"

हे खरं होतं. कॅप्टननी निवृत्त होईपर्यंत हेलिकॉप्टरखाली वस्तू लटकवून डोंगरावर पोचवल्या होत्या. खांब, तंबू, जनरेटर, एकदा तर अख्खा पूल, तुकड्यातुकड्यांत. एकही भार कधी पडला नव्हता. घरात मात्र ही माहिती कुणी पूर्ण ऐकलेली नव्हती. "एकदा आम्ही..." इतकं म्हटलं की बायकोला गॅस आठवायचा आणि मेहुण्याला घर.

"म्हणजे टेम्पोच की भाऊजी," मेहुणा नेहमी म्हणायचा. "फक्त खाली रस्ता नाही."

बायकोने कपाटाकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे. "ठीक आहे. एक ओरखडा न येता वर आलं, तर तुमची सगळी उड्डाणं पहिल्यापासून ऐकेन. मध्ये एक शब्द बोलणार नाही. आणि ओरखडा आला, तर या घरात हेलिकॉप्टर हा विषय बंद. कायमचा."

कॅप्टन ताठ झाले. इतका महत्त्वाचा भार त्यांनी नोकरीतही उचलला नव्हता.

कपाट परत रस्त्यावर आलं. कॅप्टन चार हमालांना घेऊन गच्चीवर गेले, बायको बाल्कनीत उभी राहिली. खाली दोर बांधायला मुकादम आणि देखरेखीला मेहुणा. मेहुणा त्या दिवशी आजारी होता, म्हणजे ऑफिसच्या दृष्टीने. नेमका तेव्हाच साहेबांचा फोन आला. मागे रिक्षांचे हॉर्न, समोर वाण्याकडची भांडणं. अंथरुणावर पडलेल्या माणसामागे हे आवाज शोभत नाहीत. मेहुणा शेजारच्या एकमेव शांत खोलीत शिरला आणि दार ओढून घेतलं. खोली म्हणजे कपाट होतं.

मुकादमाने येऊन कडी लावली, दोर आवळला आणि वर हात केला.

"ओढा!" कॅप्टन म्हणाले.

"साहेब, जिन्यात एवढं जड नव्हतं," एक हमाल कण्हला.

"जमीन सोडताना प्रत्येक भार जड लागतो," कॅप्टन म्हणाले. "पुस्तकात आहे."

कपाट पहिल्या मजल्याशी आलं तेव्हा कॅप्टनचा फोन वाजला.

"भाऊजी," मेहुणा कुजबुजला, "मी कपाटात आहे."

"कुठल्या?"

"तुम्हीच सांगा, आज किती कपाटं उडताहेत?"

कॅप्टन हमालांपासून दोन पावलं बाजूला झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "घाबरू नकोस. लगेच खाली घेतो. फक्त खाली घेतलं, की कपाट का उतरवलं ते तुझ्या ताईला सांगावं लागेल. म्हणजे ती जिंकली."

मेहुण्याचं सगळं बालपण ताईला जिंकताना बघण्यात गेलं होतं.

"वर घ्या," तो म्हणाला.

दुसऱ्या मजल्याशी वाऱ्याची एक झुळूक आली आणि कपाट स्वतःभोवती फिरू लागलं.

"काय दिसतंय?" कॅप्टननी विचारलं.

"किल्लीच्या भोकातून? वाणी. आता भिंत. पुन्हा वाणी. तो आता माझ्याकडे बघतोय. भिंत. भाऊजी, मळमळतंय!"

"आत नको! नवीन आहे ते! हे बघ, एकदा आम्ही डोंगरावर पाण्याची टाकी नेत होतो, तीही अशीच फिरायला लागली..."

मेहुण्याला आयुष्यात पहिल्यांदाच उठून जाता येत नव्हतं. तो ऐकू लागला. "मग?"

"खाली दरी. तेल संपत आलेलं. अशा वेळी भाराला शेपूट लागतं, कापडाचं. शेपूट असलं की भार वाऱ्यात सरळ राहतो. आम्ही शेपूट लावायला विसरलो होतो."

"आणि आता?"

"आताही."

एवढ्यात कपाटाची मूठ तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या डबलबेडच्या चादरीत अडकली. चादर निघाली. वहिनी धावत बाहेर आल्या आणि त्यांनी तिचं दुसरं टोक पकडलं.

"माझी चादर सोडा!"

"वहिनी, सोडू नका!" कॅप्टन वरून ओरडले. "घट्ट धरा! वा, काय धरलंय!"

वहिनींचं कौतुक त्या घरात फारसं होत नसावं. त्यांनी पाय रोवले. कपाटाचं फिरणं थांबलं आणि ते आज्ञाधारकपणे वर सरकू लागलं. वहिनी टाचा उंचावून चादर सैल सोडत राहिल्या.

आता खरा प्रश्न. गच्चीवरून कॅप्टनना फक्त कपाटाचं टाळकं दिसत होतं. बाल्कनीचा कठडा छज्ज्याखाली. पण कॅप्टनना ही सवयच होती. हेलिकॉप्टरमध्येही पायलटला पोटाखालचा भार दिसत नाही. दारात एक माणूस पालथा झोपून त्याला सांगत असतो, आणि पायलट त्या आवाजावर विश्वास टाकतो.

"ऐक," कॅप्टन म्हणाले. "आता माझे डोळे तू."

"भिंत. भिंत. कठडा आला. वर. अजून वर. थांबा! ताई दिसतेय."

"किती लांब?"

"कपाळावरच्या आठ्या मोजता येताहेत."

"म्हणजे दोन फूट. हिला सांगतो ओढायला. अगं, कपाटाचा दोर धरून आत घे! आत... आत... मेहुणे?"

"कठड्याच्या आत आलो. खाली घ्या. हळू. अजून एक वीत. चार बोटं. टेकलं!"

ते इतकं अलगद टेकलं, की बाल्कनीतल्या कुंडीतलं पानही हललं नाही. हमालांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टन जिना उतरून आले ते पाय जमिनीला न लावता.

बायकोने कपाट चारी बाजूंनी पाहिलं. बोट फिरवून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. ओरखडा नव्हता. मग तिने दार उघडलं. आत तिचा भाऊ उकिडवा बसला होता, फोन अजून कानाला.

"टाकीचं पुढे काय झालं?" तो म्हणाला.

बायकोने दार पुन्हा लावलं, थोडा विचार केला, पुन्हा उघडलं. भाऊ तसाच होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती या माणसाला मीठ आणा, दूध आणा म्हणत आली होती.

"याला घेऊन आलात?"

"हो," कॅप्टन म्हणाले. "एकही ओरखडा नाही."

बायकोने खुर्ची ओढली आणि बसली. "सांगा. पहिल्यापासून."

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चादर न्यायला आल्या होत्या, त्याही बसल्या. हमाल बसले. मुकादम उंबऱ्यात टेकला. कॅप्टननी घसा साफ केला, उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती अशी शांतता अनुभवली आणि तोंड उघडलं.

"आम्ही वर होतो ना," मेहुण्याने सुरुवात केली, "तेव्हा खाली नुसती दरी. दोर करकरतोय. कपाट गरागरा फिरतंय. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं! पण भाऊजींचा आवाज काय शांत, तुम्हाला सांगतो, वादळात असा माणूस..."

सगळे कॅप्टनकडे बघू लागले. बायकोसुद्धा, आणि ते बघणं कॅप्टननी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. आपली गोष्ट दुसराच सांगतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दरी नव्हती, वादळ नव्हतं, खाली वाण्याचं दुकान होतं, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी हात वर करून मेहुण्याला थांबवलं.

"वादळ लहान सांगतोयस," ते म्हणाले.