तात्या वायरमनचे अठरा खड्डे

आमच्या शेजारच्या तात्या वायरमनना कुणी नुसतं "काय तात्या, बरं आहे का?" विचारलं, की ते समुद्रकाठच्या सातव्या खड्ड्यात चेंडू कसा घालायचा ते सांगायला लागत.

"सातव्याला समुद्र उजव्या अंगाला हाय. वारं समुद्राकडनं येतंय. मग चेंडू कुठं मारायचा? सरळ समुद्रावर! वारं त्येला बरोबर जाग्यावर आणून सोडतंय. उगं जोर लावू नगासा."

ऐकणारा बहुधा हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन घाईत असे. कोल्हापुरातून समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो, आणि गोल्फ तर आमच्या गल्लीत कुणी टीव्हीवरसुद्धा बघत नसे. खुद्द तात्यांनी गोल्फची खरी काठी कधी हातात धरलेली नव्हती. हे मी खात्रीने सांगते, कारण त्यांच्या या वेडाला खतपाणी घातलं ते मीच.

तात्यांचा जन्म खांबावर चढण्यात गेला. निवृत्त झाले त्याच साली मुलगा विजू शेतकीची पदविका घेऊन आखातात गेला, एका समुद्रकाठच्या गोल्फ मैदानाचं गवत राखायला. "वाळूत गवत लावायचं आणि त्ये राखायला कोल्हापूरचा गडी न्यायचा! पैसा लई झाला की असं हुतंय," तात्या म्हणत. विजूने तिथली एक गुळगुळीत पुस्तिका पाठवली होती. तिच्यात अठराही खड्ड्यांची चित्रं आणि कुठला खड्डा कसा खेळावा याची इंग्रजीत माहिती होती. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, म्हणून तात्या ती घेऊन माझ्याकडे आले आणि मी शब्दकोश काढून बसले.

बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, असं मी सांगितल्यावर तात्या भडकले. "बाई, चेंडू खड्ड्यात घालायचा, आणि खड्ड्यात घालायचा न्हाय? ह्यो कसला खेळ?" शेवटी त्याला 'चुकीचा खड्डा' म्हणायचं ठरलं.

माहिती पाठ झाल्यावर तात्यांनी चुलतभावाच्या ऊस तुटलेल्या रानात सराव सुरू केला. काठी बांबूच्या मुळाची, चेंडू रबरी. खड्डे मात्र त्यांनी हाताला वळण होतं तसेच काढले. पहार घेतली आणि पुरुषभर खोल, विजेचा खांब उभा राहील असे तीन खड्डे मारले. पहिलाच चेंडू आत गेला आणि तो काढायला दोरीला डबा बांधून सोडावा लागला. दुसऱ्या दिवशी आजूबाजूचे शेतकरी रानात हजर. नवी लाईन येणार म्हणून त्यांनी मोटारीच्या कनेक्शनचे अर्जच लिहून आणले होते. तिसऱ्या दिवशी चुलतभावाचं रेडकू मधल्या खड्ड्यात पडलं.

"तात्या, खांब कवा येनार?" रेडकू वर काढता काढता चुलतभावाने विचारलं.

"खांब न्हाय रं, गोल्फ हाय," तात्या म्हणाले. त्यानंतर भाऊबंदांत त्यांच्या डोक्याबद्दल बरीच चर्चा झाली.

मी मात्र त्यांना कधी हसले नाही, कारण शुक्रवार माझ्या घरात होत असे. विजूची सुट्टी शुक्रवारी आणि फोन आमच्याकडे. तात्यांची बायको होती तोवर तीच बोलायची; बापलेक कधी बोललेच नव्हते. ती गेल्यानंतरचा पहिला फोन मी ऐकला आहे. "जेवलास?" "जेवलो." "बरं." आणि लगेच विजू म्हणाला, "ठेवू?" दुसऱ्याच दिवशी तात्या पुस्तिका घेऊन माझ्या दारात आले होते. पुढच्या शुक्रवारी त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "त्ये पाचव्याला झाड हाय, त्ये कसलं रं?" आणि विजू पाव तास बोलला. तेव्हापासून दर शुक्रवारी एक खड्डा. अठरा झाले की पुन्हा पहिल्यापासून.

असं दीड-दोन वर्षं चाललं. एका शुक्रवारी तात्या कुणाचा तरी फ्यूज घालायला गेले होते आणि फोन मी उचलला.

"बाई, तात्या न्हाईत तवर एक सांगतो," विजू म्हणाला. "त्ये मैदान बंद झालं. आठ म्हैनं झालं, मी हाटेलात भांडी घासतोय, शुक्रवारी बी. पुस्तिका माझ्याकडं बी हाय, त्यातलंच बघून सांगतो त्यास्नी. कळू देऊ नगासा. धा मिन्टांनी परत लावतो."

तात्या आले. माझं तोंड बघून ते कॉटवर टेकले.

"विजूनं भांड्याचं सांगितलं व्हय?"

मी चाटच पडले. "तुम्हाला माहीत आहे?"

"फोनात मागं सारखी ताटं आदळत्यात. मैदानावर एवढी ताटं कोन घासतंय, बाई?"

"मग त्याला बोलत का नाही?"

"काय बोलू? पोरगं शरमंनं फोन ठेवंल, आनि परत करायचं न्हाय. मैदानाचं सांगताना त्येचा आवाज कसा सायबावानी येतोय, ऐकलंयसा न्हवं?"

मी स्वयंपाकघराकडे वळले. तेवढ्यात फोन वाजला. तात्यांनी सदरा सारखा केला आणि रिसीव्हर उचलला.

"हां विजू! चौदाव्याला गवत लई वाढलं असंल की रं आता?"

पलीकडे ताटांचा खणखणाट चालला होता. त्याच्यावर आवाज चढवून विजू बोलला, तो मला स्वयंपाकघराच्या दारातही ऐकू आला.

"कालच कापलं, तात्या."