वामननानांचा ओला पंचा

वामननानांच्या घराची बेल दाबली की आधी तुमचे पाय धुतले जातात आणि मग दार उघडतं. अतिशयोक्ती करत नाही. बेलच्या बटणाला त्यांनी ठिबकची नळी जोडलीय. बटण दाबलं की उंबऱ्यापाशी बसवलेल्या पाइपाच्या तुकड्यातून दोन्ही पावलांवर पाणी सुटतं. आमच्या जळगावात मे महिन्यात ते बरंही वाटतं. पण थंडीत, बूट-मोजे घालून लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस त्या दारात उभा राहून काय बोलतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नाना मात्र प्रसन्न चेहऱ्यानं दार उघडतात आणि म्हणतात, "या, या! बाहेरून आल्यावर पाय धुवायचे असतात. मी फक्त सोय करून ठेवलीय."

नाना माझे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणात एकच बुटकी भिंत. मूळचे पारोळ्याकडचे, सगळी नोकरी इथल्या एका पाइपच्या कारखान्यात फिटर म्हणून झाली. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल आणि नारळ दिला, आणि नानांनी वर पाइपांचे टाकाऊ तुकडे मागून घेतले. ती शाल पुन्हा कधी दिसली नाही. पाइप मात्र अजून नवनवीन रूपं घेऊन बाहेर येतायत. छत्रीला पन्हाळ लावून पावसाचं पाणी बाटलीत साठवायची सोय त्यांनी केली; बाटली भरली की छत्री एका अंगाला कलते आणि माणूस भिजतो, एवढीच काय ती अडचण. पाठ खाजवायची एक काठी केली, तिच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल अडकवायची खोबण. एकदा गडबडीत फोन आला आणि नानांनी चुकीचं टोक कानाला लावलं. दोन दिवस कानाला हळद होती.

ओट्यावर एक काचेचं कपाट आहे. त्याला नाना 'अजबखाना' म्हणतात. त्यात एका सालीत वाढलेल्या दोन केळ्यांचा फोटो आहे. केळी पहूरच्या साडूनं पाठवली होती, पण फोटो काढून होताच नानांनी ती खाल्ली. नाक असलेलं एक वांगं आहे. ते वाळून आता इतकं माणसासारखं दिसायला लागलंय की आमच्या कॉलनीचे चेअरमन एकदा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि जाताना म्हणाले, "आमच्या थोरल्या भावासारखं आहे हो!"

पण या सगळ्यापेक्षा जास्त त्रास होता तो त्यांच्या आरोग्याच्या सल्ल्यांचा. दात घासायचे तर एका पायावर उभं राहून. चहा उकळेपर्यंत टाचा वर-खाली. फोन आला की चालायला लागायचं, राँग नंबर असला तरी. मी एका डाळमिलच्या ऑफिसात बसतो. काम बसण्याचंच असल्यामुळे पोट माझ्याआधी ऑफिसात पोहोचतं, आणि नानांची नजर नेमकी तिथेच. स्कूटर सुरू करायला मी बटणाकडे बोट नेलं की भिंतीपलीकडून आवाज यायचाच, "किक मारा भाऊ, किक! बटण म्हाताऱ्यांसाठी शे."

हे असलं सगळं ज्यांनी जन्मभर सोसलं, त्या वत्सलाअक्का. नानांच्या पत्नी.

अक्कांची जीभ म्हणजे आमच्या गल्लीचा दरारा. कुठे काही चुकीचं चाललेलं त्यांना बघवत नसे. नाना आत भिंतीत खिळा ठोकत असले तर अक्का बाहेर धान्य निवडता निवडता, नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "वाकडा गया." आणि तो गेलेला असायचा. माझ्या बायकोनं, सुनंदानं, अंगणात रांगोळी काढली की अक्का भिंतीवरून मान काढून "उजवं पान मोठं झालं" म्हणायच्या आणि तिथेच थांबून ते पुसून घ्यायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या हातचे खापरावरचे मांडे अख्ख्या गल्लीला मिळायचे. पुरण भरलेली ती तलम पोळी पोळपाटावर जरा लाटायची, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. आम्ही पुरुष मंडळी तेव्हा पंगतीत आमरसाची वाटी पुढ्यात घेऊन बसलेलो. हात कसे फिरतात ते बघायला कुणाला सवड?

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, अक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला. काठी घेऊन घरात हिंडायला लागल्या. उजवा हात मात्र थोडाफारच आला. डॉक्टर म्हणाले, बाहेर न्या, माणसांत बसवा. पण अक्का बाहेर येईनात. गल्लीनं आपल्याला असं बघू नये, असं त्यांच्या मनानं घेतलं असावं. त्या खिडकीमागच्या खुर्चीत बसायच्या, तीही खिडकी लावून. भेटायला गेलं तर "बरी शे" एवढंच. त्यानंतरची आखाजी आली आणि गेली, नानांच्या अंगणात चूल पेटली नाही. सुनंदानं पुरणपोळी नेऊन दिली. ती जरा जाडच झाली होती. अक्का काहीही न बोलता जेवल्या, आणि सुनंदा घरी येऊन रडली.

नाना तेव्हाही नवनवीन यंत्रं करतच होते. एका हातानं पोळीचं पीठ मळता येईल असा अडकवायचा परातीचा स्टँड, एका हातानं वेणी घालायचा चिमटा. अक्का त्यातलं काही वापरत नव्हत्या आणि त्याला नावंही ठेवत नव्हत्या. एकदा भिंतीशी पाइप कापता कापता नाना मला म्हणाले, "भाऊ, काल चहात माझ्याकडून साखरेऐवजी मीठ पडलं."

"मग?"

"पिऊन टाकला तिनं."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. नानांचे डोळे भरले होते. "हाताचं जाऊ द्या हो," ते म्हणाले, "पण ती मला रागवत नाही. घर कसं परक्याचं वाटतं." आणि करवत पुन्हा चालू केली.

संक्रांत झाली आणि नानांनी गल्लीत व्यायामाचा वर्ग काढला. फक्त पुरुषांसाठी, रोज सकाळी, त्यांच्या घरासमोर. मी, चेअरमन आणि आणखी चार-पाच ढेरपोटे. येताना प्रत्येकानं एक ओला पंचा आणायचा. मला वाटलं, घाम पुसायला. तर नाना म्हणाले, तोच व्यायाम. पंचा दोन्ही हातांवर पसरायचा आणि न पकडता, नुसता हात फिरवत, या हातावरून त्या हातावर खेळवायचा. खांदा सुटतो, मान सुटते, साखर आटोक्यात येते, झोप लागते. हे सगळं एका पंच्यानं.

"आणि कोपर खाली!" नाना गरजायचे. "कोपर खाली, चेअरमनसाहेब! बठ्ठं बळ कोपरात शे!"

कोपर खाली घेतलं की पंचा घसरून मातीत पडायचा. दर वेळी. सकाळच्या उन्हात सात-आठ प्रौढ माणसं मातीतले पंचे उचलतायत, झटकतायत, पुन्हा हातांवर घेतायत आणि पुन्हा पाडतायत. दूधवाला मोटरसायकल थांबवून बघत बसायचा. आमच्या बायका दारादारांत उभ्या राहून तोंडाला पदर लावायच्या. सुनंदा पहिल्या दिवशी चहा घेऊन आली, आमच्या हातांकडे बघितलं, नानांकडे बघितलं, त्यांच्या बंद खिडकीकडे बघितलं आणि कप माझ्या हातात न देताच आत निघून गेली. मला वाटलं, नवऱ्याची लाज वाटली असेल.

मी एकदा न राहवून म्हटलं, "नाना, कोपर जरा वर घेतलं तर पंचा पडणार नाही."

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कारखान्याचा पाइप फोडलाय. "पडू दे! पडण्यातच व्यायाम शे. वाकायचं, उचलायचं, कंबर मोकळी होते."

चार-सहा दिवसांनी त्या खिडकीची एक फळी उघडी दिसली. पुढे कधीतरी दुसरी. नाना कायम खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे आणि एकदाही वळून बघायचे नाहीत. त्यांचं "कोपर खाली" मात्र दिवसेंदिवस मोठं होत गेलं. आम्हीही इमानेइतबारे पंचे पाडत राहिलो. फाल्गुन गेला, चैत्र आला, उन्हं तापायला लागली, आणि आमच्यातल्या एकाचीही प्रगती झाली नाही.

आखाजीला थोडे दिवस उरले होते. त्या सकाळी चेअरमन जरा जोरात होते. नाना "खाली, अजून खाली!" म्हणाले, चेअरमननी कोपर पार बरगडीला टेकवलं, आणि त्यांचा पंचा उडून थेट माझ्या डोक्यावर बसला. मला काही दिसेना. आणि त्या ओल्या अंधारात मला तो आवाज ऐकू आला.

"ओ माय! कोपर वर ठेवा ना, वर! कोन शिकाडी ऱ्हायना तुमले हाई?"

मी पंचा काढला. खिडकीत अक्का. मग खिडकीत कुणी नाही. मग काठीचा आवाज आला, दार उघडलं, आणि अक्का अनवाणी ओट्यावर आल्या, ओट्यावरून खाली आल्या. गल्लीत माणसं आहेत, आपला उजवा हात लुळा लोंबतोय, हे सगळं त्या रागात विसरल्या होत्या. काठी त्यांनी चेअरमनच्या हातात दिली, डाव्या हातानं माझं कोपर धरून वर ढकललं आणि पंचा त्यावर टाकला.

"आशी! आते फिराव. पोयी कधी कोपर खाले करीसन फिरस का? बठ्ठी चुलीमा पडी ना!"

पंचा माझ्या या हातावरून त्या हातावर गेला. पडला नाही.

"पोळी?" चेअरमन म्हणाले. "कसली पोळी?"

"अहो, मांडा!" आमच्या दारातून सुनंदा ओरडली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. "आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्हाला मांडा फक्त ताटात आल्यावर दिसतो."

नाना अजूनही पाठमोरेच होते. खाली पडलेला पंचा उचलायला वाकले होते आणि ते उचलणं काही संपत नव्हतं. अक्का त्यांच्याकडे वळल्या. "आनि तुम्ही? इतला दिन चुकीचं शिकाडी ऱ्हायनात?"

"माले काय ठाऊक?" नाना तिकडे तोंड करूनच म्हणाले. "मी तं फिटर शे."

"फिटर! येक खिया सरळ ठोकता ये नही आनि म्हने फिटर!"

नानांनी त्याच पंच्यानं खसाखसा तोंड पुसलं. पंचा मातीत लोळलेला होता, तोंड चिखलानं भरलं. तेवढ्यात अक्कांचं पुढचं वाक्य आलंच, तोंड पुसायचं तरी नीट पुसा. नानांना इतकं खूश मी ते नाकाचं वांगं सापडलं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

दुपारी भिंतीशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, नाना, हे सगळं ठरवून? ते पाइपाच्या तुकड्याला कानस मारत होते. "ती चुकीचं बघू शकत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे," ते म्हणाले. "पण घरात मी चुकलो तर पोटात घालायची. माझी कीव यायची ना तिला. म्हटलं, एकट्याच्या चुकीनं भागत नाही. अख्ख्या गल्लीला चुकायला लावू. बघू किती दिवस गप्प बसते." मग कानस खाली ठेवत म्हणाले, "लई दिवस बसली हो."

आखाजीला अंगणात चूल पेटली. अक्का खुर्चीत, हातात काठी. नाना पोळपाटापाशी, दोन्ही हातांवर पुरणाची पोळी. पहिला मांडा फाटला, दुसरा खापरावर एका बाजूलाच पडला, तिसऱ्याला तीन कोपरे आले. तो अजबखान्यात ठेवू या, असं नाना म्हणाले. मुंग्या लागतील, असं अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या कोपराला काठी टेकवून ते वर केलं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरात मांडे पोहोचले. एकही गोल नव्हता. अक्कांनी प्रत्येकाला त्याबद्दल नानांना बोलायला सांगितलं होतं.

वर्ग अजून चालू आहे. आता ओट्यावर अक्कांची खुर्ची असते. मला आता कोपर वर ठेवून पंचा बऱ्यापैकी फिरवता येतो. सुनंदानं स्वयंपाकघरात माझी परीक्षा घेतली, त्यात मी पास झालोय. चेअरमनही त्यांच्या घरी पास झाल्याचं ऐकलं. तरी सकाळी नानांच्या घरासमोर उभं राहिलं की आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता कोपर खाली घेतो.