सिग्रूनबाईंची पाच चित्रपटांची मोहीम

मजकूर लिहिणार एगिल, खासा सिग्रूनबाईंचा भ्रतार, हुद्दा कॉफी करणे व वही लिहिणे. नॉर्वे देशीच्या बर्गन शहराचे पश्चिमेस बेटावर घराण्याचे लाल लाकडी उन्हाळी घर आहे, तेथे एक वही आहे, आणि घरी जो उतरेल त्याने घडला मजकूर वहीत लिहून मगच दारास कुलूप घालावे ऐसा वडिलांचा कायदा आहे. तरी यंदा जुलै मासी या घरी मोठी मोहीम जाहली, तिची हकीकत बाईंच्या हुकमावरून लिहितो. खोटे लिहिल्यास बाईंच्याच घरी नांदणे आहे, हे जाणून लिहितो.

मूळ करीणा ऐसा. बाईंचे धाकटे बंधू राजश्री हालवरराव, भूमितीचे निवृत्त शिक्षक, यांची या घरावर एकतीस उन्हाळे हुकमत चालली. सकाळी सातास डोंगर, दुपारी वल्ही, सांजेस रानातली ब्लूबेरी वेचणे, आणि पाऊस पडला तरी डोंगर चुकला नाही, कारण वाईट हवा म्हणून काही नसते, कपडे वाईट असतात, हे या मुलखीचे वचन रावांस मुखोद्गत. बाई एकतीस वर्षे ओल्या मोज्यांनिशी मागे चालल्या आणि हूं की चूं केले नाही. परंतु बाईंनी अठ्ठावीस वर्षे चित्रगृहाच्या दारी तिकिटे फाडली होती, परक्यांची कुटुंबे ओळीने बसलेली रोज पाहिली होती, आणि आपले कुटुंब एका ओळीत एकदाही बसले नाही, हे शल्य मनी होते. म्हणून मनसुबा धरिला, की एक दिवस सर्वांस एका बाकावर बसवावे, आणि उन्हाळी सुट्टी या एकाच विषयाचे पाच चित्रपट सकाळपासून लागोपाठ दाखवावे.

ईस्टरच्या सुट्टीत खलबत बसले. बाई, राव, रावांचे कुटुंब बोरगिलबाई, त्यांची कन्या तुवा आणि हा सेवक, ऐसे पाच असामी. रावांनी पहिलाच तिढा घातला, की यादीत एक स्कीचा चित्रपट असावा.

"स्की म्हणजे पण सुट्टीच की," राव म्हणाले.

"उन्हाळी, हालवर. ज्यात कुणी लोकरी मोजे घालेल तो चित्रपट बाद."

"आत्ता तूच घातलेस."

"मी चित्रपटात नाहीये."

येणेप्रमाणे स्कीचा मोड जाहला. मग राव मोठे मुत्सद्दी, त्यांनी वरवर मान तुकविली आणि तहनाम्यात एक कलम घुसविले: पाचवा चित्रपट संपते समयी पाचही असामी खोलीत हजर असावे, एक जरी उणा भरला तरी बाईंचा चित्रपटांच्या दिवसाचा हक्क कायमचा बुडाला आणि पुढील सर्व उन्हाळे डोंगराकडे. बाईंनी कलम दोनदा वाचले आणि सही केली. आम्ही खूण केली, ती पाहिली नाही.

पुढे सहा आठवडे बाईंनी मसलत केली. चाळीस चित्रपट एकटीने पाहून पस्तीस बाद केले. सलामीस पोरांच्या सरोवरकाठच्या छावणीचा हलका चित्रपट, मग नकाशा हरवलेल्या बापाचा, जेवणानंतर झोप येते म्हणून हाणामारीचा, चौथा आईसक्रीम विकणाऱ्या विधवेचा, आणि शेवटी एका गावच्या बसचालकाचा, जो प्रथमच रजेवर जातो आणि गाव खोळंबते. ऐसी व्यूहरचना आम्ही तरी दुसरी पाहिली नाही. दिवस जुलैतला तिसरा रविवार नेमिला, कारण हवामानाचे भाकीत धो धो पावसाचे होते. बोटीतून सामान उतरविले ते ऐसे: रेनकोट सात, रबरी बूट, लोकरी स्वेटर, वॉफलचे पीठ, तपकिरी चीज, कोळंबी दोन किलो. बर्गनच्या माणसाने जुलैत जें न्यावे तें सर्व होते.

रविवारी नवास पहिला चित्रपट सुरू जाहला. साडेनवास ढग फाटले, आणि सूर्य ऐसा निघाला की फळीफळीतून आत आला. आता या मुलखीची रीत सांगणे प्राप्त. येथे कोरडा दिवस पाहुण्यासारखा येतो, म्हणून सूर्य असता घरात बसणे हे चोरीहून वाईट, ऐसे पाळण्यातल्या मुलासही शिकविलेले असते. बाईंनी तत्काळ खिडक्यांवर घोंगड्या ठोकल्या. तरी फितुरी व्हावयाची ती जाहलीच. प्रथम बोरगिलबाई टॉवेल वाळत घालावयास म्हणून गेल्या, त्या परतल्या नाहीत. मग तुवा आईस पाहावयास गेली. मग राव मुलीस पाहावयास गेले, जाताना शीळ घालीत. राहिला हा सेवक. आम्ही कॉफी ठेवण्यास उठलो, आणि लिहिताना लाज वाटते, कॉफीचे भांडे घेऊन थेट किनाऱ्याच्या खडकावर गेलो.

"एगिल, ये, बैस," राव म्हणाले. "केवढं ऊन आहे बघ."

"सिग्रून आत एकटी आहे."

"मग तिला बोलव की."

बोलाविले. दारातून उत्तर आले, "मी चित्रपट बघतेय." आवाज चढलेला नव्हता, आणि तेंच जास्त लागले. बाईंनी नकाशावाला बाप एकटीने पाहिला, हाणामारी एकटीने पाहिली, पाच जणांच्या बाकावर मधोमध बसून. चार वॉफल ताटलीत निवत होते. आम्ही खडकावरून सारे जाणून होतो आणि उठलो नाही.

परंतु ईश्वरी न्याय जबर. सात रेनकोट आणणाऱ्या फौजेने उन्हाचे मलम एक नळीभरही आणिले नव्हते, आणि बेटावरले दुकान रविवारी बंद. अडीच वाजता बोरगिलबाईंचे खांदे कोळंबीच्या रंगाचे जाहले. तीनास तुवेस पाठ टेकवेना. रावांचे टक्कल तर ऐसे तापले की त्यावर हात ठेववेना, आणि आमच्या पोटऱ्यांचा मजकूर लिहीत नाही. बेटावर झाड उंच नाही. सावली, गारवा आणि अंधार मिळोन एकच जागा होती, घोंगड्या ठोकलेली.

प्रथम बोरगिलबाई खांद्यांस दही फासून दारी उभ्या राहिल्या.

"सिग्रून, अगं... जागा आहे का?"

"तुमचीच आहे. दही बाकाला लावू नकोस."

मग तुवा आली, मग हा सेवक मान खाली घालून आला, आणि सर्वांमागून राव डोक्यास ओला टॉवेल गुंडाळून आले.

"काय रे, डोंगर नाही आज?" बाईंनी विचारिले.

"आवाज वाढव जरा. ऐकू येत नाही," राव म्हणाले.

विधवेच्या चित्रपटास बोरगिलबाई रडल्या. बसचालकाच्या चित्रपटास राव ऐसे हसले की टॉवेल गळून पडला, आणि पुढे काय होईल यावर तुवेशी वाद घालू लागले. बाई त्या ओळीकडे पाहत होत्या, पडद्याकडे नाही. बाईंस त्या घटकेस जें सुख जाहले तें लिहिण्याची आमची ताकद नाही. मग बाई हळूच उठल्या.

"कुठे निघालीस?" आम्ही कुजबुजून विचारिले, कलम आठवले.

"चालू दे. मी तीनदा पाहिलाय हा."

आणि दार लोटून गेल्या. पडद्यावर नावे चढू लागली. राव उठले, तहनामा भिंतीवरून काढिला, चष्मा लावून शिरगणती केली. चार भरली. बोरगिलबाई कपाळास हात लावून बसल्या. रावांनी घोंगडीचा कोपरा उचलून बाहेर पाहिले, तो पायरीवर बाई बसलेल्या, मोजे काढून पाय पसरलेले, डोळे मिटून तोंड उन्हाकडे केलेले, कारण या मुलखी जुलैत सूर्य रात्री दहापर्यंतही मावळत नाही. दिवसभरात बाईंस मिळालेले ऊन तें एवढेच. मग रावांनी कोपरा होता तैसा खाली सोडिला आणि येऊन बसले.

"एगिल, लिही. पाच."

"पण हालवर—"

"भूमिती मी शिकवली का तू? पाच लिही."

ते आज्ञेप्रमाणे लिहिले. जुलैचा तिसरा रविवार, सायंकाळचे आठ वाजून दहा मिनिटे, पाचवा चित्रपट संपते समयी पाचही असामी खोलीत हजर, बाईंची फत्ते जाहली, हक्क पुढील सर्व उन्हाळ्यांस कायम. खाली हालवररावांनी भाजल्या हाताने सही केली आहे.