दुसऱ्याच्या भिंतीसाठी एक शब्द

प्रत्येक सुसंस्कृत समाजाला दुसऱ्याच्या भिंतीबद्दल बोलण्यासाठी एक शब्द लागतो. आपल्याकडे तो ‘बटबटीत’ हा आहे. दैनिकात कलासमीक्षा लिहिताना मी तो नियमित वापरतो. मजकूर संध्याकाळी सहाच्या आत द्यायचा असतो. विचार करायला त्याहून जास्त वेळ लागतो.

शब्दाच्या वापराचा नियम सोपा आहे. वस्तू पुष्कळांना आवडलेली असावी आणि त्या पुष्कळांत आपण नसावं. (निदान चारचौघांत नसावं.)

मध्यंतरी बायकोने नव्या नोकरीच्या पहिल्या पगारातून धबधब्याचं चित्र आणलं. बटण दाबलं की आत दिवा लागतो, पाणी वाहू लागतं आणि पक्षी ओरडतात. (पक्ष्यांना वेगळं बटण नाही.)

“छान आहे ना हो?” सोफ्याच्या वर खिळा ठोकत तिने विचारलं.

“आहे की,” मी म्हणालो. घरात समीक्षा करायची नाही, हे माझं धोरण आहे.

त्याच आठवड्यात संपादक जेवायला आले. त्यांनी धबधबा पाहिला, मग मला पाहिलं. माझं सदर धोक्यात होतं.

“भेट आलंय,” मी म्हणालो.

“हां! मला वाटलं, तुम्हीच की काय...”

“छे, छे!”

बायको वाढता वाढता थांबली. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “कुणी दिलं म्हणे? कळलं तर आभार तरी मानते.”

“अगं, तसं म्हणायची पद्धत असते.”

“बरं. मग भेटच होऊ दे.” तिने ते चकचकीत कागदात गुंडाळलं आणि संपादकांच्या नव्या घरी स्वतः नेऊन दिलं.

मी केलेल्या पाहणीनुसार असल्या चित्रांपैकी शंभर टक्के चित्रं भेट आलेली असतात. विकत कुणीच घेत नाही. (दुकानं जोरात चालतात, हा वेगळ्या पाहणीचा विषय आहे.) धबधबा आता संपादकांच्या बैठकीच्या खोलीत आहे. तेही ‘भेट आलंय’ म्हणतात. हे वाक्य खरेपणाने बोलणारे माझ्या माहितीतले ते एकटेच.

आमची भिंत मोकळी आहे. पाहुणे तिला अभिरुची म्हणतात. बायको हल्ली काही आणलं तर छान आहे का, हे मला विचारत नाही. मी काहीतरी निमित्त काढून संपादकांकडे जातो आणि धबधब्यासमोरची सोयीची खुर्ची धरून बसतो.

तुमच्याकडे तसलं काही नाही, याची मला कल्पना आहे. तुमचं ते वेगळं आहे.