टाकी चौकोन-चौकोन करणार

आमच्या इमारतीतले मुरलीनाना मोबाइलवर आलेला निरोप मोठ्याने वाचतात, आणि जसा दिसेल तसाच वाचतात. अक्षर फुटून त्या जागी चौकोन आला असेल, तर 'चौकोन' म्हणतात. "श्री. चौकोन यांच्या मुलाचा विवाह," असं त्यांनी एकदा गंभीरपणे वाचलं, आणि जिन्यातली माणसं हे चौकोन कुठले, याचा बराच वेळ विचार करत राहिली.

नाना अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. अंदाजाने अक्षर भरून वाचा, असं कुणी सुचवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मनाचं घालायचं नाय."

यातून एकदा भलताच गोंधळ झाला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी जुन्या फाँटमधली सूचना ग्रुपवर चिकटवली आणि तिची जोडाक्षरं वाटेत गळाली. नानांनी खाली बाकावर बसून वाचलं, "बुधवारी टाकी चौकोन चौकोन करणार." कुणी म्हणालं दुरुस्त करणार, कुणी म्हणालं बंदच करणार. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना टाकी जमीनदोस्त होणार अशी खात्री वाटली; त्यांनी पिंप, पातेली आणि प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला. सेक्रेटरी गावाला गेलेले, त्यांचा फोन लागेना. बुधवारी ब्लीचिंग पावडर घेऊन दोघं आले तेव्हा उलगडा झाला, टाकी स्वच्छ करायची होती.

सगळे नानांवर चिडले. एवढंही कळलं नाही का, म्हणाले. नाना शांतपणे म्हणाले, कळलं सगळ्यांनाच, पण प्रत्येकाला वेगळं.

माझं काम छापखान्यात अक्षरजुळणीचं, म्हणून त्यांना समजावायला मी बसलो. सांगितलं, प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, तो आकडाच इकडून तिकडे जातो. त्या आकड्याचं चित्र फोनला सापडलं नाही की तो चौकोन काढतो. जोडाक्षरात असे दोन-तीन आकडे एकमेकांत अडकलेले, त्यात जुन्या फाँटचे आकडे निराळेच. सांगता सांगता माझंच डोकं गरगरायला लागलं. नानांनी एवढंच विचारलं, "म्हंजे अक्षर आत असतं. फोनला दाखवता येत नाय, एवढंच?"

मी हो म्हटलं. त्यांनी मोबाइल खिशात घातला. मग म्हणाले, "घरी चल."

घरी नानी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना शब्द सापडत नाहीत. येणारे-जाणारे घाईने त्यांची वाक्यं पुरी करतात, मग त्या तोंड फिरवतात, असं नानांनी जिना चढताना सांगितलं होतं.

मला पाहून नानींचे ओठ हलले. "चां... चां..."

"चहा?" मी म्हणालो.

नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही थांबलो. खाली भाजीवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"चांद... वड," नानी म्हणाल्या. आणि पुष्कळ वेळाने, "आई?"

माझी आई चांदवडला राहते, नानींच्या माहेरच्या घराशेजारी. मी सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे, अंगणात कांदे निवडत बसते. नानी ऐकत होत्या. मग त्यांनी पुन्हा काहीतरी सुरू केलं, "मा..."

नाना खुर्ची ओढून त्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. मी उठायला लागलो, तर मागे न बघता हळूच म्हणाले, "बस रे. बोलतीये ती."