परिचारिका संघाचा अहवाल दरबारी गेला त्याची हकीकत

श्री. रोग हरणारा, आणि न हरल्यास निदान कण्हणे थांबविणारा जो देव, त्यास नमन करोन ही हकीकत लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमीचे दिवशी परिचारिका संघाचा सालाचा अहवाल दरबारी वाचावयाचा होता. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण आमचे नातलग अद्याप तेथीलच दवाखान्यात जातात. संघ मातबर, आणि सालभरात मेहनत बहुत जाहली. तीन तालुक्यांत शिक्षणाचे वर्ग भरविले, आणि हात धुण्याची मोहीम चालवोन डॉक्टर लोकांसही हात धुवावयास लाविले, जे आजवर कोणास साधले नव्हते. मग पुढील सालाचे उद्दिष्ट एकच धरिले, की थोरल्या दवाखान्यात बेचाळीस खाटांमागे एक परिचारिका आहे, तेथे ऐंशी असामी नव्या द्याव्या. यंदा न मिळाल्या तर बायकांचा वॉर्ड बंद पडणार, हे संघाच्या अध्यक्षा मेट्रन वत्सलाबाई तायडे पुरते जाणून होत्या. तेथील चौघींपैकी दोघी अंथरुणास खिळल्या होत्या आणि तिसरी राजीनामा लिहोन पिशवीत घेऊन फिरत होती. म्हणोन वत्सलाबाईंस आठ दिवस अन्न गोड लागले नाही, आणि खरे सांगावे तर आम्हांसही लागले नाही.

अहवाल लिहिला तो संघाच्या चिटणीस रूथबाई भिंगारदिवे यांणी. नोकरी एकतीस साल, अक्षर टपोरे, आणि दोन पाळ्या सलग करोन घरी न जाता त्या लिहावयास बसल्या आणि एकटाकी लिहोन उठल्या. वाचून पाहण्यास कोणास सवड नव्हती. मग दिवाणसाहेब गादीवर विराजमान जाहले, आणि कारकुनाने वाचन आरंभिले, आणि प्रगती ऐकोन साहेबांनी मान डोलाविली, आणि मागणी ऐकोन हनुवटी खाजविली, आणि आम्ही मनात म्हटले की आता होते बहुतेक. तो कारकुनाने शेवटची ओळ वाचली: सर्व स्थिर. तक्रार नाही. पाळी सुटताना प्रत्येक रुग्णाच्या कागदावर परिचारिका हेच लिहोन निघते, आणि रूथबाईंचा थकला हात अहवालाचे शेवटीही तेच लिहोन गेला होता.

दिवाणसाहेब म्हणाले, “तुम्हीच लिहिता तक्रार नाही, मग ऐंशी जणी कशाला?” आणि कागद डावीकडे सारिला. डावीकडे सारिलेला कागद परत आलेला आम्ही पाहिला नाही. रूथबाई उठोन उभ्या राहिल्या. “साहेब, चूक माझी हाये. सवयीनं हात गेला.” कारकून मनाचा बरा होता, तो हळूच म्हणाला, “बाई, पान फाडा, दुसरं लावा. कोण बघतंय?” त्यावर रूथबाई म्हणाल्या, “तसं नाही चालत आमच्यात. लिहिलेलं पुसायचं नाही, फाडायचं नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आन् वेळ.” आणि भर दरबारात त्यांणी रेघ मारिली, आणि सही केली, आणि अकरा वाजून चाळीस मिनिटे ऐसे लिहिले. वत्सलाबाईंनी कपाळास हात लाविला. साहेब मात्र त्या रेघेकडे पाहात राहिले आणि विचारते जाहले, “ही सवय तुमची एकटीची, का सगळ्यांची?” मग मागील नऊ सालांचे अहवाल दफ्तरातून आणविले, आणि एकेक उघडिला, आणि नवांच्याही शेवटी तेच, तक्रार नाही. पैकी चार खुद्द वत्सलाबाईंच्या हातचे! “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं आपणच...” नऊ साल हीच मागणी दरबारी जात होती; ती याच ओळीपायी फेटाळिली, की एरवीही फेटाळिलीच असती, हे दरबारासच ठाऊक.

साहेब म्हणाले, “नऊही दुरुस्त करा. पाचाला दरबार उठतो, त्याच्या आत झालं तर सही करतो.” मग एकच धावपळ उडाली. वत्सलाबाईंनी आपले चार उरकले, आणि जुन्या चिटणीस दोघी निवृत्त होऊन घरी होत्या त्यांस फोन गेले, आणि एक काठी टेकीत आल्या, आणि दुसरीस रिक्षा मिळेना म्हणोन जावयाच्या स्कूटरवर आल्या, आणि दोघींनी दोन दोन रेघा मारिल्या, सही केली, वेळ घातली. आठ जाहले. घड्याळात पाच वाजावयास सात मिनिटे उरली आणि नववा तसाच पडोन राहिला. तो साथीच्या सालचा होता. “आता कोणीतरी मारा रेघ,” साहेब म्हणाले. कोणी लेखणी उचलेना. कारकून चुळबुळ करू लागला. वत्सलाबाई म्हणाल्या, “जिनं लिहिलं तिनंच मारायची असते, साहेब. इंदुबाई गवारेंनी लिहिलंय ते. लिहून अकरा दिवसांनी गेल्या. आमच्याच वॉर्डात.” साहेबांनी पान जवळ ओढिले, आणि वाचिले, आणि लेखणी उचलिली, आणि आम्हांस वाटले की आता हेच रेघ मारितात, आणि आमचा जीव टांगणीस लागला. त्यांणी मारिली नाही. म्हणाले, “राहू दे तसंच.” आणि ऐंशी असामींच्या कागदावर सही केली.

एकूण सालाचा गोषवारा ऐसा. प्रगती: ऐंशी असामी मंजूर, कागदावर; रुजू होण्यास साल लागेल असे कारकून म्हणाला. पुढील सालाचे उद्दिष्ट: तोवर आहेत त्यांणी जिवंत राहावे. याउपर लिहिण्यास हात धीर धरीत नाही.