सुपारीच्या कपाटातली पँट

सम्यकने सुपारी वाळवायचं सौर कपाट उघडलं, तर आत चार बर्मुडा, दोन टॉवेल आणि एक पोहण्याचा पोशाख! सुपारी औषधालासुद्धा नाही.

"काकू, सुपारी कुठाय?"

"अंगणात. आणखी कुठे असणार?" गोदूकाकू म्हणाल्या. दिवेआगरची ही वाडी आणि होमस्टे त्यांचाच. "आमच्याकडे सासऱ्यांपासून सुपारी अंगणातच वाळते. कपाटात पाहुण्यांचे कपडे टाकते. अर्ध्या तासात कडकडीत! लोक खूश असतात रे."

विद्यापीठात तीन वर्षं खपून सम्यकने हे कपाट बनवलं होतं आणि सुपारीसाठी काकूंच्या वाडीत बसवलं होतं. आज धारप सर तपासायला येणार होते. कपाट प्रत्यक्ष वापरात आहे असं त्यांनी लिहून दिलं तरच प्रकल्प पुढे जाणार, नाहीतर कपाट भंगारात आणि सम्यक घरी. पण गडी हटणारा नव्हता. त्याने बर्मुडा दोरीवर फेकल्या आणि टोपल्या भरभरून अंगणातली सुपारी आत रचली. पाहुणे ओरडत राहिले, त्याने ढुंकून पाहिलं नाही.

तेवढ्यात सर आले, कमरेपर्यंत चिंब! दिघीला बोटीतून उतरताना फोनवर बोलत होते आणि पाय धक्क्याऐवजी पाण्यात पडला होता.

"दाखव सुपारी," म्हणत त्यांनी आत हात घातला. "गार आहे की! आत्ताच भरलीस ना?"

सम्यकला खोटं बोलवेना. "हो सर."

"म्हणजे वापर शून्य." सरांनी फॉर्म काढला, पेन उघडलं आणि लागोपाठ तीन शिंका दिल्या. "श्शी! चारला अलिबागला मीटिंग आहे, दुसरी पँटही नाही."

"अहो, मग काढा ती!" काकू म्हणाल्या. "ह्यांची लुंगी देते."

"वाळायला किती वेळ लागेल?"

"दोरीवर संध्याकाळ होईल. कपाटात अर्धा तास."

"पण काकू, कपाटात सुपारी..." सम्यक कळवळला.

"सुपारी काढ!" सर कडाडले.

सम्यकने मुकाट्याने टोपल्या उपसल्या. काकूंनी पँट आत टांगली आणि न विचारता मोजेही टाकले. लुंगीतले सर दर पाच मिनिटांनी कपाटाच्या काचेतून डोकावत होते.

अर्ध्या तासाने गरम पँट चढवून सर दोन पावलं चालून आले. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. 'कपाट वापरात आहे का?' समोर 'होय' लिहिलं. पुढचा रकाना होता, 'प्रत्यक्ष लाभ घेणाऱ्याचं नाव.' सरांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा सम्यककडे, आणि निमूटपणे स्वतःचं नाव लिहिलं.